कॅसेटची दुसरी बाजू
कॅसेटच्या डबीला अजून भंडाऱ्याचा वास येतो. केंदूरला भरदुपारी बिरोबापुढं ढोल घुमत होते, धनगरांतले थोरले आबा देवाला बोलावणारी ओवी गात होते आणि मी रेकॉर्डर सांभाळत होते. कॅसेट संपत आली, म्हणून मी ओरडले, “थांबा, बाजू बदलते!” ढोल बंद पडले. बायकांनी पदर तोंडाला लावले. आबा माझ्याकडं वळले. “बाई, देव निघालाय. त्याला वाटंतच हुबा केला व्हय?” मी घाईनं कॅसेट उलटी करायला गेले. “ते मशिन बंद ठिवा आता,” म्हणत त्यांनी ओवी पुरी केली. परवा लोकसंगीताच्या अभ्यासासाठी मला परदेशात मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा सभागृहात तीच कॅसेट लावली. माझ्या ‘थांबा’पाशी ती खट्कन संपली. टाळ्या वाजल्या; मी मात्र घाबरून दाराकडं बघत राहिले. त्या कॅसेटमधला देव अजून वाटेतच उभा आहे.