तडा गेलेलं कार्ड

गंगेकाठच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर मी घसरून आपटलो, तेव्हा माझं एकही हाड मोडलं नाही. मागच्या खिशातल्या क्रेडिट कार्डाला मात्र तडा गेला. बँकेने नवं कार्ड दोनदा पाठवलं. दोन्ही वेळा कुरियरवाल्याने गल्लीत पाऊल न टाकता 'पत्ता सापडला नाही' असं लिहून ते परत धाडलं. जगभरचे यात्रेकरू आमच्या गल्ल्यांत बरोबर पोचतात. त्याला जमलं नाही. तेव्हापासून मी जुन्या कार्डाला चिकटपट्टी लावून भागवतोय. मशीनमध्ये घालायचं, अंगठ्याने डावीकडे दाबायचं आणि श्वास रोखायचा.

बाबा रामघाटावर घरीच वेद शिकवतात. कान गेल्यापासून विद्यार्थी कसेही म्हणोत, ते मान डोलवायचे. उरलेले दोघेही आता दुसऱ्या गुरुजींकडे निघाले होते. मी आणि बायको तर वर्षभर बाबांच्या समोरच त्यांच्याबद्दल बिनधास्त बोलायचो. शेवटी कानाचं यंत्र घ्यायला मी त्यांना दुकानात नेलं.

दुकानदाराने यंत्र बाबांच्या कानात बसवलं आणि माझं कार्ड दोन बोटांत धरलं. "भाईसाहब, ये तो टूटा हुआ है।"

मशीनने दोनदा नकार दिला. लाज झाकायला मी सवयीने बोलून गेलो, "जाने दीजिए. इस उम्र में पढ़ाना वैसे भी छोड़ देना चाहिए।"

दुकानदार यंत्र काढायला पुढे झाला. बाबांनी कानावर हात ठेवला.

"खंडित मूर्ती गंगेत सोडतात," ते मला म्हणाले. "पण शाळिग्राम भंगला तरी पूजेतून काढत नाहीत रे. कार्ड परत लाव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर न करता मी अंगठा दाबला. या वेळी पावती बाहेर आली.

संध्याकाळी पाठ सुरू झाला आणि दुसऱ्याच ओळीला बाबांचा हात वर गेला. "थांब. स्वर घसरला. पुन्हा." वर्षभराच्या चुका त्यांनी एका बैठकीत पकडल्या. दोघेही रडकुंडीला आले, पण जाताना उद्या किती वाजता यायचं ते विचारून गेले.

मी कार्डाला नवी चिकटपट्टी लावत बसलो होतो. बायकोने स्वयंपाकघरातून नेहमीच्या आवाजात विचारलं, "झालं का हो एकदाचं त्यांचं समाधान?"

पाटावरून बाबा म्हणाले, "झालं, सूनबाई."