करंगळीचे शब्द

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी गिरडहून वर्ध्याच्या एस.टी.त बसले. आई खिडकीखाली उभी राहून मावशीकडे कसं वागायचं ते तिसऱ्यांदा सांगत होती. गाडी हलली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "शिकूनच येजो." मी मान डोलावली आणि समुद्रपूर येईपर्यंत रडले.

तुमच्यातले जे गावातच राहिले त्यांना वाटतं, गेलेले हौसेनं गेले. मी नाही गेले हौसेनं. मॅट्रिक झाले होते, टेकडीच्या पायथ्याशी आमचं किराणा दुकान होतं, आणि त्या गल्ल्यावर बसण्यात मला काही कमीपणा वाटत नव्हता. पण टायपिंग येणाऱ्या पोरीला उन्हात राबावं लागत नाही, असं बाबांना कोणीतरी सांगितलं होतं. घरात ठरलं ते असं: परीक्षेला एकदा बसायचं, जमलं तर पुढं बघू, नाहीच जमलं तर परत यायचं.

मावशी नालवाडीला राहायची. तिथून मी रोज पायी वर्ध्याला टायपिंग क्लासला जायची. माझी आठ बोटं बरी चालत. घोडं अडलं ते करंगळ्यांपाशी. ए, क्यू आणि झेड डाव्या करंगळीनं मारायचे, पी उजव्या. करंगळीत जोरच नाही, त्यामुळे ही चार अक्षरं कागदावर अगदी फिकट उमटायची. सरांनी उपाय सांगितला: ज्यांत ही अक्षरं येतात असे इंग्रजी शब्द शोध, जितके लांब तितके चांगले, आणि एकेका शब्दानं पान भर. लांब शब्दानं म्हणे हाताला लय लागते. आता मावशीकडे इंग्रजी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, तेवढंच. मी घरी कार्ड टाकलं की ही चार अक्षरं काही जमत नाहीत, शब्द मिळत नाहीत, बहुतेक माझं काही व्हायचं नाही.

आज कबूल करते, ते कार्ड खोटं नव्हतं, पण लबाड होतं. मला नापास व्हायचं होतं. नापास होऊन घरी जायचं होतं.

चौथ्या दिवशी कंडक्टरच्या हाती बाबांचं पुडकं आलं. शेंगदाण्यांच्या वर उदबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा, आणि त्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत शब्द. बाबा मराठी चौथी शिकलेले. खोक्यांवर रोज पाहून इंग्रजीची सव्वीस अक्षरं ओळखायचे, पण जोडून वाचता यायचं नाही. तरी दूध पावडरच्या डब्यावरचा 'पाश्चराइज्ड' त्यांनी बरोबर हेरला होता. पी, ए आणि झेड एकाच शब्दात! सर खूश झाले. मी काही झाले नाही.

मग दर आठवड्याला पुठ्ठा यायला लागला. एकदा त्यांनी एकोणीस अक्षरी शब्द पाठवला, 'कीपइनअकूलड्रायप्लेस'. डब्यावरची ओळ दाटीवाटीनं छापलेली, बिचाऱ्यांनी सगळी एकच शब्द समजून उतरवली. क्लासमधल्या पोरी पोट धरून हसल्या, आणि मीही हसले. नालवाडीला आल्यापासून पहिल्यांदा. आणि एकदा जुलाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावरचा आला: डायआयोडोहायड्रॉक्सिक्विनोलीन. बावीस अक्षरं आणि क्यू फक्त एकदा! सरांनी चष्मा पुसून दोनदा मोजली. त्या शब्दानं पान भरायला मला पाऊण तास लागला.

पोळ्याला मी घरी गेले ती ठरवूनच, की आता परत जायचं नाही. रस्त्यावरूनच दुकान दिसलं. साखर तराजूत अर्धी, गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि बाबा बामची डबी उजेडात धरून एकेका अक्षरावर नख फिरवताहेत. आई म्हणाली, "असंच करून राह्यले तुहे बाबा. लोक सौदा मागते अन् हे डब्बे वाचते." मी आत जाऊन गिऱ्हाईकाची राहिलेली साखर तोलून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी मुकाट्यानं वर्ध्याला आले. परीक्षेत माझा ए सगळ्यांत ठळक उमटला.

पुढं पुण्याला नोकरी लागली. सुरुवातीला ऑफिसात 'मले' तोंडून गेलं की बायका गालातल्या गालात हसायच्या. आता त्याच बायका डिक्टेशनचे अवघड शब्द मला विचारायला येतात. लग्न झालं, दोन खोल्या झाल्या, मुलगी आहे, ती 'मला' म्हणते. यंदा इलेक्ट्रिक मशीन आलं, करंगळी नुसती टेकली तरी काम होतं. मी सुखात आहे, हे तुम्हाला सांगताना मला संकोच वाटत नाही. तरी घर कुठं असं कोणी विचारलं तर मी गिरडच सांगते, आणि ते सांगताना पुण्यावर अन्याय होतोय असंही वाटत नाही.

गेल्या दिवाळीत बाबा इकडे आले होते. चहा पिताना मी एकदाचं सांगून टाकलं, की तेव्हा मला नापास होऊन परत यायचं होतं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मालूम होतं मले. तुह्या चिठ्ठीत मास्तरचं नाव एकडाव नाई, अन् दुकानातल्या मांजरीचं चारडाव."

"मंग बोलावलं काऊन नाई?"

"बोलावलं असतं त तू आली असती," बाबा म्हणाले. "म्हून लांब लांब शबद धुंडत होतो. म्हटलं, जेवढा लांब शबद, तेवढा टाइम पोरीले घर याद नाई येणार."

"अन् तुमाले?" मी विचारलं.

बाबांनी बशी पुन्हा उचलली, पण तोंडाला लावली नाही.

"मी त दिवसभर शबदच धुंडत होतो न, माय."