बटणाचा हँडब्रेक आणि चार लिंबं

मंडळी, आज निफाडला घरी नव्या गाडीची पूजा केली. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. गाडी पुढे घ्यायचा मान बाबांचा, जन्मभर घाटात ट्रक चालवलेला माणूस.

बाबा बसले. डावा हात सवयीने हँडब्रेककडे गेला. तिथे नुसतं बटण.

पूजेभर गाडीतला टेप चालू ठेवल्याने बॅटरी उतरलेली. गाडी चालू होईना, बटण दाबून ब्रेकही सुटेना. सगळ्यांनी धक्का मारला, गाडी जागची हलली नाही.

"हिचा ब्रेक सोडायचा कुठून रे?" बाबांनी विचारलं. मलाही माहीत नव्हतं.

ते उतरले. "आता नाय जमायचं मला," म्हणत किल्ली माझ्या हातात दिली.

उद्या मेकॅनिक ब्रेक सोडवेल. बाबांना परत कसं बसवू, सांगा कुणीतरी. लिंबं अजून चाकांखाली अख्खीच आहेत.