साडेदहाचा उजेड

फोटो चांगले यायला लागले, आणि आईच्या जिवाला घोर लागला तो तिथपासून.

फोटो लेकीच्या कुत्रीचे. कुत्री काळीकुट्ट, म्हणून नाव शाई. लेक दुसऱ्या शहरात एकटी राहायची, कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळी नऊला आत गेली की सहालाच बाहेर, तोवर मोबाइल कपाटात. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, तो केसभरही कलता कामा नये. हात निगुतीचा. पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की हीच मुलगी तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प. "कशी आहेस?" विचारलं की संध्याकाळी साडेसातला उत्तर म्हणून शाईचा फोटो यायचा.

सुरुवातीचे फोटो बघवत नसत. पिवळट बल्बखाली कोळशाचं पोतं टाकावं तशी शाई, नाहीतर फ्लॅशने डोळे हिरवे झालेली, भुतासारखी. वडिलांनी तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला होता. तो बंद करून घरी बसल्यापासून त्यांना दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. ते या फोटोंवर तुटून पडले.

"अगं, कुत्रीच्या डोक्यातून कुंडी उगवलीय," हे त्यांचं पहिलं परीक्षण.

मग फोनवर शिकवणी सुरू झाली. खिडकी मागे घेऊ नकोस, बाजूला असू दे. उभ्याने काढू नकोस, जमिनीवर बस, तिच्या डोळ्यांच्या उंचीला ये. समोर सगळं काळंच दिसलं की कॅमेरा घाबरतो, उगाच उजळवतो, आणि शाईची राख होते. म्हणून स्क्रीनवर तिच्या तोंडावर बोट टेकव आणि उजेड थोडा उतरव. पंजे कापू नकोस. ती जिकडे बघतेय तिकडे जागा सोड. लेक सगळं ऐकून घ्यायची, "हो बाबा" म्हणायची.

आणि गेल्या तीन आठवड्यांत फोटो खरंच सुधारले. बाबा शेजाऱ्यांना दाखवत सुटले. आई शाळेत शिकवायची; दिवसभर बोलून घसा सुकलेला, घरी आल्यावर समोर वह्यांचा गठ्ठा. बापलेकीचं बरं जमलंय एवढं तिच्या मनात यायचं, की ती पुन्हा लाल पेन उचलायची. फोटोंत काहीतरी खटकायचं, पण ते काय हे शोधायचंही त्राण नसायचं.

मंगळवारी बाबांनी मोबाइल तिच्या वह्यांवरच आणून ठेवला. शाईचा केस न् केस वेगळा दिसत होता. डोळ्यांत खिडकीचा चौकोन. पुढच्या पायाला निळी पट्टी.

"हा उजेड बघ," बाबा म्हणाले. "तिरपा, मऊ. दहा-साडेदहाचा. तिच्या त्या पूर्वेच्या खिडकीतून एरवी असा येतच नाही."

आईने पेन खाली ठेवलं. "अहो, ही पट्टी कधी बांधली?"

"काल. पायाला काच लागली म्हणून संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं, म्हणाली नव्हती का?"

"मग हा फोटो आजचा. मंगळवारी साडेदहाला ही घरी कशी?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सुट्टी घेतली असेल, असं पुटपुटले. आई एकेक फोटो मागे सरकवत गेली. तीन आठवडे तोच उजेड. शाई डावीकडे बघत होती आणि शिकवल्याप्रमाणे लेकीने डावीकडे जागा सोडली होती. त्या जागेत, दारामागच्या खुंटीला, तिचा लॅबचा पांढरा कोट. प्रत्येक फोटोत तसाच, इस्त्रीची घडीही न मोडलेला.

"सांगेल ती आपणहून," बाबा म्हणाले. "आपण उगाच खोदायला गेलो तर आणखी मिटून घेईल."

आईला पोहण्याचा पोशाख आठवला. लेक तेव्हा नऊ वर्षांची. शिक्षक सगळ्यांसमोर ओरडले म्हणून तिने तलावावर जायचं सोडलं, पण घरी कळू दिलं नाही. दोन आठवडे बाहेरच्या बाकावर बसून राहायची आणि येताना पोशाख नळाखाली भिजवून आणायची. आई तो रोज पिळून वाळत घालायची. केस कोरडे असायचे, हे तिला दिसत होतं. पण शाळेतून दमून आलेल्या माणसाने कशाकशाकडे बघायचं? शेवटी बिंग फुटलं तेव्हा पोरगी एवढंच म्हणाली, "तू विचारलंच नाहीस. नुसती वाळत घालत राहिलीस."

बुधवारी तिसरा तास संपला. शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर तसाच तिरपा उजेड पडला होता, चहाच्या कपांवर, न तपासलेल्या वह्यांवर. घड्याळात साडेदहा. लेक कामावर असेल तर फोन कपाटात वाजत राहील आणि आपण खोट्या ठरू. खोटं ठरायला आई एका पायावर तयार होती. पण तिने उचलला तर शाईच्या पायाची चौकशी करायची नाही, फोटोचं कौतुक करायचं नाही. सरळ विचारायचं. काय विचारायचं ते तिने दोनदा मनाशी म्हणून पाहिलं, हाताचा खडू पदराला पुसला आणि नंबर लावला.