माझ्या खांद्याला बसलेला दस्ता

नेमबाजीतलं मला फार कळतं, असा आमच्या शाळेत समज होता. तो मीच पसरवला होता. कॉलेजात एनसीसीत असताना चार गोळ्या झाडल्या होत्या, तेवढंच माझं भांडवल.

किन्हीराजाहून एसटीनं येणारी आठवीतली एक मुलगी एका शिबिरात, तिथल्या रायफलवर, सगळ्यांत सरस नेम मारून आली. तिच्यामुळेच संस्थेनं शाळेसाठी एक एअर रायफल मंजूर केली. खरेदीला मुख्याध्यापक आणि मी अकोल्याला गेलो. खेळाचा शिक्षक मी, म्हणून निवड माझ्यावर.

दुकानदारानं दोन रायफली काढल्या. फरक दस्त्याचा, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाचा. एकीचा दस्ता साधा लाकडी, हलका, पण आहे तसाच राहणारा. दुसरीचा जरा जड. मात्र त्याची लांबी कमी-जास्त व्हायची, गाल टेकवायची पट्टी वर-खाली व्हायची, आणि नळीच्या तोंडाकडे तोल जायला लागला तर वजनाचा तुकडा मागे सरकवता यायचा. दुकानदार एका वाकड्या चावीनं भराभर सगळं फिरवून दाखवत होता, अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. तोल नीट साधला की हे जास्तीचं वजन जाणवत नाही, असंही म्हणाला. "समझे ना सर?"

"हां हां," मी म्हणालो. दस्ता लांब-आखूड होतो एवढं कळलं होतं. कोणता स्क्रू कशाचा, ते ओ की ठो कळलं नव्हतं. पुन्हा विचारावं, तर शेजारी मुख्याध्यापक. मी हलकी रायफल उचलून खांद्याला लावली. पावणेसहा फुटांचा मी, मला ती चपखल बसली. "आपल्या पोरींना जड नको," मी जाणकारासारखं बोललो. मुद्दा अगदीच खोटा नव्हता, म्हणून तो मला सोयीचा पडला.

शाळेत मुलीनं रायफल धरली आणि पहिल्याच दिवशी दिसलं, दस्ता तिला लांब पडत होता. डोळा नेम धरायच्या भोकापर्यंत पोचायला मान ताणावी लागे, आणि तोल सांभाळायला ती कमरेतून मागे रेले. नळी थरथरायची.

"मांगं काहून रेलून राह्यली वं?" मी ओरडायचो.

"सर, लांब होते मले."

"नाचता येईना, अंगण वाकडं." सगळ्या पोरी हसल्या. तीही हसली. अंगण खरंच वाकडं होतं, आणि मीच ते पसंत करून आणलं होतं. त्या वेळी दुकानातली ती चावी मला स्पष्ट आठवत होती. तरी बोललो.

दोन महिन्यांत तिचा नेम पार गेला. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या यादीतून मी तिचं नाव काढलं. कारण लिहिलं, ताकद कमी.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. सोयाबीन निंदायला मजुरीनं जाणारी बाई. भांडली नाही. पोरीला एकदा रायफल धरून दाखवायला लावली, बाजूला उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, "सर, हे तिले लांब होते. आमी खुरपंबी हात पाहून घेतो. माह्या जावेचं खुरपं मले चालत नाही."

"बाई, हे खुरपं नाही," मी म्हणालो.

मुलगी कानकोंडी झाली होती. आईला फाटकापर्यंत सोडून ती एकटीच परत आली.

"सर, आईचं मनावर घेऊ नका. तिले काय समजते. माहेच हात लहान हायेत. तुमी माह्यासाठी एवढी बंदूक आनली अन् मले जमली नाही. चुकलं माहं."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडापर्यंत आलं होतं. यादीही अजून जिल्ह्याच्या कार्यालयात, वाशिमला, गेली नव्हती, माझ्याच टेबलावर होती.

"असू दे," मी म्हणालो. "जाय वर्गात."

तिनं माझी माफी मागितली होती, आणि मी तिला माफ केलं.