दाराला कडी हाय का?

कुणाच्याही घरी गेलं की ती आधी खोलीच्या दाराची कडी लावून पाहायची. मग विचारायची, "आतनं नीट बसती ना?"

बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या माणसांना घरी जाऊन आराम द्यायचा, हे आमचं काम. यादी माझ्याकडे: दुखणं, झोप, भूक, शौच, पाठीच्या जखमा. शेवटची ओळ 'पती-पत्नी संबंध'. तिथे मी न विचारताच 'लागू नाही' लिहीत असे. ती मुठा गावची, माझ्या हाताखालची मदतनीस. तिने यादी कधी वाचलीच नाही.

कोळवणच्या एका शेतकऱ्याला मी खटपट करून कठड्यांची लोखंडी कॉट मिळवून दिली. त्यानंतर त्याची झोपच उडाली. तीन भेटींत मी 'झोप कमी' असं लिहिलं. चौथ्या भेटीत तिला खाली अंथरलेली वाकळ दिसली.

"वैनी, तुमी खाली व्हय?"

"कॉट पेशंटची हाय ना. आन् घरात नातवंडं हायेत."

"ती काय आभाळातनं पडली?"

"लई दिस म्या त्येच म्हनतोय," कॉटवरून म्हातारा बोलला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मग स्वयंपाकघरात त्याची बायको तिला हळूच विचारत होती, "ताई, जवळ गेलं तर मला आजार लागंल का? त्यास्नी दुखंल?"

"न्हाई लागत. गोळी घेतल्यावर तासाभरानं दुखणं उतरतं, तवा जावा. काई जमलं न्हाई तर नुसतं कुशीत पडा. त्येबी त्येच हाय."

पुढच्या भेटीत कॉट ओसरीत होती, तिच्यावर भाताची पोती. आत जमिनीवर दोघांची एक गादी. 'झोप चांगली' असं मला लिहावं लागलं.

तुम्ही अशा माणसाचं कौतुक केलं असतं. मी जळले. या कामाच्या अठरा वर्षांत जवळ जाण्याचा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. परतताना जीपमध्ये मी तिला सुनावलं, "असलं काही मला विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

"बरं मॅडम," म्हणत तिने डब्यातली भाकरी पुढे केली. भूक असूनही मी घेतली नाही.

पुढे तिच्याच नवऱ्याने अंथरूण धरलं आणि तिने काम सोडलं.

परवा चांदे गावात आयटीतल्या एका तरुण बाईकडे गेले. नवरा आजारी. मी शेवटची ओळ नीट वाचून विचारली. "सगळं ओके आहे," ती म्हणाली. मी चपला घालत असताना मागून आली.

"मॅडम, शेजारी यायचा तेव्हा तुमच्यासोबत त्या मावशी असायच्या ना, त्यांचा नंबर मिळेल?"

एक आकडा चुकवावा असं मनात आलं. मग पूर्ण नंबर मी सावकाश, दोनदा सांगितला.