कोर्ट उठेपर्यंत

माझ्या सासऱ्यांना आयुष्यात एकदाच शिक्षा झाली आणि ती त्यांनी पंख्याखाली बसून भोगली. शिक्षेचं नावच तसं होतं, कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे न्यायाधीश संध्याकाळी उठून जाईपर्यंत मागच्या बाकावर बसायचं, दंड भरायचा आणि घरी यायचं. गुन्हा होता सख्ख्या भावाला मारल्याचा. आमच्या आणि त्या भावाच्या, म्हणजे काकांच्या, जागेच्या हद्दीवर एक काजूचं झाड आहे. त्याच्या बिया कुणी वेचायच्या यावरून सासऱ्यांनी काकांच्या डोक्यात काठी घातली, माझ्या नवऱ्याने बापाला साथ म्हणून वरून दोन ठेवून दिल्या, आणि काकांना टाके पडले. मग केस उभी राहिली आणि कणकवलीच्या फेऱ्या सुरू झाल्या.

तारखांना दोघेही कंटाळले होते. वकील म्हणाला, गुन्हा कबूल करून टाका, एका दिवसात मोकळे व्हाल. बापलेकांनी माना डोलावल्या. घरात बंदूक आहे का, हे वकिलाने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी सासरे बाजारातून घेतलेल्या बांगडे माशांची पिशवी हलवत, काकांच्या दारावरून मुद्दाम सावकाश चालत घरी आले.

"शिक्षा भोगून इलंय," ते मोठ्याने म्हणाले, काकांना ऐकू जाईल असं. "बाकार बसान. दुपारी थोडो डोळो पण लागलो."

घरी लग्न ठरल्यासारखा आनंद होता. सासूबाईंनी बांगड्यांचं तिखलं केलं, आणि त्यातला एकही तुकडा त्यांच्या वाट्याला आला नाही, हे मला आठवतंय, कारण त्या घरात कुणाला काय मिळत नाही हे मी बघत असे. मी कणकवलीची. बाजारात आमचं दुकान होतं, तिथे बोलायला कुणी कुणाला घाबरत नसे. गावात लग्न होऊन आले तरी नोकरी सोडली नव्हती. सकाळच्या एसटीने पतसंस्थेत जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे.

आता बंदुकीचं सांगायला हवं. डुकरांपासून शेती वाचवायला आमच्याकडे पुष्कळ घरांत परवान्याची बंदूक असते. आमच्याकडेही एकनळी होती, आजेसासऱ्यांच्या वेळेपासूनची. डुकरांना तिचा त्रास फारसा झाला नाही. त्रास झाला तो माझ्या सासूबाईंना. सासरे रोज चहाच्या वेळी पडवीत बसून बंदूक पुसायचे. नळीचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. सासूबाई चूल फुंकायला पाठ करून वाकल्या, की हे घोडा चढवून चाप ओढायचे. टक्. बाईची पाठ अशी आखडायची, की हातातलं भांडं हिंदकळायचं. मग हे हसायचे.

"खाली आसा गो ती," रिकाम्या नळीवर हात फिरवत ते म्हणायचे. "मरूचंस नाय."

हा त्या घरातला विनोद होता. माझा नवराही हसायचा, कारण तो लहानपणापासून हसत आला होता. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा सासऱ्यांना म्हटलं, बाबा, हे बरं दिसत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बंदूक पुन्हा उचलली आणि पुन्हा ओढली. त्या माणसाचा मला तेव्हापासून तिटकारा आहे आणि तो लपवायची गरज मला कधी वाटली नाही.

बाकावरची शिक्षा भोगून महिनाही झाला नसेल, तोच पोलीस ठाण्यातून नोटीस आली. बंदूक जमा करा. सासरे तणतणत गेले, मी सोबत. तिथल्या कारकुनाने शांतपणे समजावलं, की मारहाणीसारख्या गुन्ह्यात कैद झाली, मग ती एका दिवसाची का असेना, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं हत्यार बाळगता येत नाही.

"पण मी खंय तुरुंगात गेलंय?" सासरे म्हणाले. "मी तर बाकार बसलंय."

"आजोबा, ती कैदच," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत त्या माणसाला कुणी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही इतक्या कंटाळलेल्या आवाजात.

परवाना घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत होता. नवऱ्याच्या नाही, कारण तोही त्याच बाकावर शेजारी बसला होता. सासूबाई म्हणाल्या, "मी त्या लोखंडाक हात लावचंय नाय." उरले मी. ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत फेऱ्या मारल्या, चौकशी झाली, आणि आजेसासऱ्यांची बंदूक कणकवलीच्या दुकानदाराच्या मुलीच्या नावावर झाली. मी ती लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली मंगळसूत्राला बांधली.

गावाने मग सासऱ्यांची जी काय थट्टा केली, ती बघायला हवी होती. देवळाच्या पायरीवर म्हातारे बसत, ते हे दिसले की छत्र्या खांद्याला लावून नेम धरत. कुणी विचारी, "काय वो, रानात डुकर इलोहा, सूनबाय खंय?" काकांकडे त्यांची स्वतःची बंदूक होती. मार खाल्लेल्या माणसावर कायद्याचं काही बंधन नव्हतं. ते रोज संध्याकाळी हद्दीवरच्या त्या काजूखाली उभे राहून हवेत बार काढत, डुकरं असोत नसोत. प्रत्येक बाराला सासरे पडवीत तोंड वाकडं करत. निवडणूक आली की परवानेवाले सगळे आपापल्या बंदुका ठाण्यात जमा करायला जात. पूर्वी सासरे लग्नाच्या वरातीत चालल्यासारखे जायचे. आता मी जुन्या साडीत गुंडाळलेली बंदूक घेऊन एसटीत बसले, आणि ते मागच्या सीटवर. ठाण्याच्या दाराशी शिपायाने त्यांना अडवलं. म्हणाला, तुमचं काय काम? ते बाहेर भजीच्या गाडीपाशी उन्हात उभे राहिले. मी आत मुद्दाम वेळ लावला.

आणि एका रविवारी मी ते केलं. बंदूक पुसायला पडवीत बसले, त्यांच्याच जागेवर. नळी रिकामी आहे ना हे दोनदा बघितलं. ते माझ्याकडे पाठ करून पायरीवर बशीत चहा ओतून पीत होते. मी घोडा चढवला आणि चाप ओढला. टक्.

बशी पायरीवरून खाली गेली. चहा धोतरावर सांडला. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि खालचा ओठ लहान मुलासारखा हलत होता. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या हसल्या. त्या घरात आल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं, पदर तोंडाला न लावता, पोट धरून.

"खाली आहे, बाबा," मी म्हटलं.

ते उठून मागीलदारी गेले. मला त्यांची कीव आली नाही. मी त्या रात्री भरपेट जेवले आणि चांगली झोपले. पुढे कितीतरी दिवस, कामावर असताना तो हलणारा ओठ आठवला की मला मजा वाटायची. सासूबाई पुन्हा तशा हसल्या नाहीत. मला वाटलं, सवय नाही बिचारीला.

पाच वर्षं संपली. सासऱ्यांनी तारीख ध्यानात ठेवली होती. त्यांनी लगेच अर्ज टाकला, आणि चौकशीला हवालदार घरी आला. सासऱ्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि पडवीत खुर्ची टाकून बसले. हवालदार भला माणूस होता. त्याने वहिवाटीप्रमाणे विचारलं, बंदूक यांच्याकडे देण्यात घरच्यांची काही हरकत?

नवरा म्हणाला, नाही. मी तयारीतच होते. आठवडाभर मनात जबाब रचून ठेवला होता, चापाचा, नळीच्या तोंडाचा, सगळा. आता ही बंदूक त्यांना परत मिळाली, तर सासूबाईंच्या पाठीवर पुन्हा रोज नेम धरला जाणार, हे मला दिसत होतं, आणि ते माझ्या हयातीत मी होऊ देणार नव्हते. पण मी तोंड उघडायच्या आत सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"माझी कायएक हरकत नाय," त्या म्हणाल्या. "द्या तेंका."

सासरे मान खाली घालून हसले. मी सासूबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. रागाने दार मागे लोटून घेतलं.

"आई, तुम्ही काय बोललात ते कळतंय का तुम्हाला?"

त्या खोबरं खवायला बसल्या. विळीकडे बघतच बोलल्या.

"बंदूक हातात होती, तेव्हा ह्ये नुसतो आवाज करीत आणि खूश जाईत. माझ्या आंगाक हात लावक नाय कदी. बंदूक गेली, तेच्या मागसून हातान मारतत. तू कामार गेल्यार. पाठीर मारतत, कोणाक दिसाक नको म्हणान."

मी खाली बसले.

"कधीपासून?"

"पयल्या वर्सापासून. देवळाकडे कोणी हसलो काय घराक येवन मारीत. भावान बार काढल्यान काय मारीत. त्या रविवारी तू चाप ओढलंस आणि मी हसलंय ना, दुसऱ्या दिसा माझा हसणा भायर काढल्यानी. चार दिवस माका उताणा झोपाक येयना."

"मला का नाही सांगितलं?"

"तू खुशीत होतंस."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हवालदाराला सांगते, हे सगळं लिहून घेईल तो, केस करू. तेव्हा त्यांनी विळीवरचा हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं, अडाण्याला समजावतात तसं.

"केस केलंस तर काय जातला? कोर्ट तेंका सांजेपर्यंत बसयतला. आणि सांजेक ते घराकच येतले."

"पण बंदूक आली की पुन्हा ते टक् टक्."

"माका तो आवाज चलात," त्या म्हणाल्या. "आवाजान पाठ दुखणा नाय."

बाहेरून हवालदाराने हाक मारली. परवाना माझ्या नावावर, तेव्हा माझी संमती लागणार होती. मी बाहेर आले. सासरे खुर्चीत बसून माझ्या हाताकडे बघत होते. कायदा पाच वर्षं माझ्या गळ्यात किल्ली होऊन लटकत होता आणि मला वाटत होतं, मी सासूबाईंची पाठ राखते आहे. मी सासऱ्यांकडे बघितलं तेव्हा त्यांना कळलं की मला कळलंय. त्यांनी नजर चुकवली नाही.

मी सही केली.

"घरात समजूतदारपणा असला की आमचं काम हलकं होतं बघा," हवालदार म्हणाला, आणि उरलेला चहा संपवून गेला.

त्या माणसाचं वाईट व्हावं असं मला आजही वाटतं, रोज वाटतं, आणि ते होत नाही. त्यांची तब्येत छान आहे. दर रविवारी न्हाणीत मी सासूबाईंच्या पाठीला तेल लावते. त्यांना नको असतं, पण मी ऐकत नाही, दिवा जवळ घेऊन खांद्यापासून कंबरेपर्यंत नीट बघते. परवाना बदलल्यापासून पाठीवर एकही वळ नाही.